बिस्टरचा जुन्या गाड्यांचा मेळा आणि ऑक्सफर्ड: एका दिवसात दोन्ही

माळरान

मंडळी, गेल्या रविवारी लेकीला घेऊन एका दिवसात दोन ठिकाणं केली. सकाळी बिस्टरचा जुन्या गाड्यांचा मेळा आणि दुपारनंतर ऑक्सफर्ड. इथे इंग्लंडात राहणारे बरेच जण आहेत, काही फिरायलाही येतात, म्हणून सविस्तर लिहितोय. लांबलंय, पण थोडक्यात सांगता येण्यासारखा दिवस नव्हता.

आधी जाण्याचं. लंडनच्या मॅरिलबोन स्टेशनवरून ऑक्सफर्डला जाणारी गाडी वाटेत बिस्टर व्हिलेजला थांबते. तिथे उतरणारी बहुतेक गर्दी शेजारच्या कपड्यांच्या दुकानांकडे वळते. आम्ही गाव ओलांडून उलट्या बाजूला साधारण अर्धा तास चाललो. मेळ्याचं तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा, ऐनवेळी गेटवर जाऊन मिळेल या भरवशावर निघू नका.

मेळ्याची जागा म्हणजे हवाई दलाचा जुना तळ. दुसऱ्या महायुद्धात इथे बाँबफेकी विमानांच्या वैमानिकांचं प्रशिक्षण चालायचं. हॅलिफॅक्स या बाँबफेकी विमानाचं पहिलं उड्डाण २५ ऑक्टोबर १९३९ रोजी इथूनच झालं. संरक्षण खात्याने २०१३ मध्ये तळ विकला. आता त्या लाल विटांच्या बराकींत आणि हँगरमध्ये जुन्या गाड्यांचे कारागीर बसतात. कुणी इंजिन बांधतो, कुणी पत्रा ठोकतो, कुणी फक्त सीटचं चामडं शिवतो. मेळ्याच्या दिवशी ही सगळी दारं उघडी असतात. मला गाड्यांइतकंच हे आवडलं. एका टेबलावर उघडलेलं इंजिन होतं आणि कारागीर एकेक व्हॉल्व्ह हातात घेऊन शाळकरी पोरांना समजावत होता, चाललेलं काम तसंच ठेवून.

दुसरी गोष्ट म्हणजे इथे दोऱ्या लावलेल्या नसतात. लोक आपापल्या गाड्या चालवत घेऊन येतात, झाडांखाली लावतात, डिकी उघडून चहाचा थर्मास काढतात. तुम्ही थांबून बघायला लागलात की मालक स्वतः उठून येतो.

लेकीला सगळ्यात आवडली मॉरिस मायनर. ही गाडी १९४८ ची, अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्या डिझाइनची. हिच्या बॉनेटच्या बरोबर मधून एक सपाट पट्टी जाते. मालकीणबाईंनी त्यावर बोट फिरवून सांगितलं की नमुन्याची गाडी तयार झाल्यावर इसिगोनिसना ती अरुंद वाटली, म्हणून त्यांनी ती उभी मधोमध कापायला लावली, दोन्ही भाग सरकवून बघितले आणि शेवटी चार इंच वाढवले. बंपर आधीच बनलेले होते, त्यामुळे सुरुवातीच्या गाड्यांत त्यांनाही मध्ये चार इंचांचा तुकडा जोडलेला दिसतो. मग लेकीने प्रत्येक मायनरच्या बॉनेटवर ती पट्टी शोधली.

आणि मग रांगेच्या टोकाला, एका करड्या गाडीपाशी, माझे पाय थांबले.

माझे वडील, आण्णा, जिल्हा परिषदेत अँबॅसिडरवर ड्रायव्हर होते. अकरा वर्षं एकच गाडी, मार्क टू. शाळेला सुट्टी असली आणि साहेब दौऱ्यावर नसले की ती गाडी धुवायला मी बादली घेऊन जायचो. तिचा गोल पाठीचा आकार, बॉनेटवरच्या पन्हळी, दार लावल्यावर येणारा जड आवाज, सगळं मला पाठ आहे. ते सगळं इथे समोर उभं होतं. पाटीवर लिहिलं होतं: मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज थ्री.

अँबॅसिडर मॉरिसवरून आली एवढं ऐकून माहीत होतं. पण ऐकणं वेगळं आणि त्या दाराच्या मुठीला हात लावणं वेगळं.

मालक सत्तरी ओलांडलेले आजोबा. मी त्यांना आण्णांबद्दल सांगितलं तर त्यांनी काही न बोलता दार उघडून धरलं. पुढचं सलग सीट, स्टिअरिंगवरचा गिअर. मला पुढचं काही सुचेना, म्हणून सरळ गावी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचे साडेतीन, आण्णा पडले होते. कॅमेरा गाडीकडे वळवला तर दोन क्षण काही आवाजच नाही. मग म्हणाले, "आरं, ही तर आपलीच गाडी हाय की! बॉनेट उघडाया सांग त्यास्नी."

आजोबांनी बॉनेट उघडलं. आण्णांनी तिकडून बघत बघत एकेक वस्तू ओळखली. डिस्ट्रिब्युटर, डिपस्टिक, डायनॅमो. मग म्हणाले, "कारबोरेटरचं वरचं टोपण फिरवाया लाव. आत त्याल हाय का बघ." या गाडीत असतो त्या एस.यू. बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या डोक्यावर एक टोपण असतं, त्याला खाली बारीक दांडी असते, आणि ती ज्या नळीत बुडते तिथे थोडं पातळ तेल लागतं. ते संपलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते. आजोबांनी टोपण काढलं, दांडी वर घेतली. टोकाला तेलाचा थेंब चमकत होता. आण्णा म्हणाले, "आमी शिलाईमशीनचं घालायचो." मी भाषांतर करून सांगितलं. आजोबा फोनच्या अगदी जवळ आले आणि म्हणाले की ते वीस ग्रेडचं इंजिन ऑइल घालतात, पण त्यांचे वडीलही शिलाईमशीनचंच घालायचे.

दोघं वीस मिनिटं बोलले. मी फक्त मधे उभा राहून शब्द इकडचे तिकडे करत होतो. माझ्या नोकरीबद्दल, इथल्या घराबद्दल आण्णांना मी किती वेळा सांगितलंय. पण इंग्लंड त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ओळखीचं वाटलं असावं.

निघताना लेकीने बॉनेटवरचं चिन्ह दाखवलं. लाटांवर उभा असलेला एक बैल. आण्णांनीही फोनवर पाहिलं आणि विचारलं, "ह्यो बैल कसला? आपल्या गाडीवर न्हवता." आजोबांना विचारायचं राहून गेलं. कुणाला माहीत असेल तर सांगा.

दुपारी पुन्हा बिस्टर व्हिलेजला येऊन ऑक्सफर्डची गाडी पकडली, जेमतेम पाव तासाचा प्रवास. ऑक्सफर्डमधल्या कॉलेजांबद्दल इथे आधी लिहून झालंय, त्यामुळे ते सोडतो. आम्ही रॅडक्लिफ कॅमेरा ही ग्रंथालयाची गोल इमारत बाहेरून पाहिली, क्राइस्ट चर्च कॉलेजची रांग बघून मागे फिरलो. बॉडलियन ग्रंथालयाच्या फेरीची तिकिटं संपली होती, ती चूक माझी, आधी काढायला हवी होती.

पण मला मुख्य बघायचं होतं ते लाँगवॉल स्ट्रीटवरचं गॅरेज. मॉरिस गाड्या ज्यांच्या नावाच्या, त्या विल्यम मॉरिस यांनी इथे सायकली आणि मोटारी दुरुस्त केल्या, भाड्याने दिल्या, आणि १९१२ मध्ये आपल्या पहिल्या मोटारीचा आराखडा इथेच केला. ती १९१३ मध्ये रस्त्यावर आली, नाव ठेवलं मॉरिस ऑक्सफर्ड. एम.जी. या गाड्यांच्या नावातली अक्षरंही याच गॅरेजची, मॉरिस गॅराजेस. लाल विटांची इमारत अजून उभी आहे, आत आता राहत्या खोल्या आहेत. समोर मॅग्डलेन कॉलेजची जुनी उंच दगडी भिंत, मध्ये अरुंद रस्ता, बसेस अगदी अंगावरून जातात. फोटो काढायला कुणीही थांबत नव्हतं. आम्ही दोघं बराच वेळ थांबलो.

तिथून मॅग्डलेन पूल ओलांडून पंधरा-वीस मिनिटं चाललं की जेम्स स्ट्रीट येते. १६ नंबरच्या घरावर निळी पाटी आहे. पोरसवदा वयात, मालकाने पगार वाढवला नाही म्हणून मॉरिस यांनी नोकरी सोडली आणि जवळच्या चार पौंडांवर आईवडिलांच्या घरी सायकल दुरुस्ती सुरू केली. साधं, चाळीतल्यासारखं एकाला एक लागून असलेलं घर. आण्णांची अकरा वर्षं त्या दारातून निघाली असं मला तिथे उभं राहून वाटलं.

किंगपिन

वा, माळरान! वाचता वाचता हाताला ग्रीस लागल्यासारखं झालं. सांगलीत आमचं गॅरेज होतं, वडील आणि काका दोघंही अँबॅसिडरवालेच. त्यामुळे वंशावळ नीट मांडून ठेवतो, कारण याबाबत बरेच घोळ वाचायला मिळतात.

हिंदुस्तान मोटर्सच्या कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५४ पासून जी लँडमास्टर गाडी निघाली, ती मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज टू. अँबॅसिडर त्यानंतरची, सिरीज थ्रीवरून. तुम्ही ज्या बॉनेटवरच्या पन्हळी म्हणता, तीच दोघींमधली सोपी खूण. लँडमास्टरचं बॉनेट गुळगुळीत. इंग्लंडात सिरीज थ्री १९५६ ते १९५९ एवढीच बनली. आपल्याकडे तिच्यावरून आलेली गाडी २०१४ पर्यंत बनत राहिली. जिथे जन्मली तिथे तीन-चार वर्षं आणि आपल्याकडे अर्ध्या शतकाहून जास्त.

एक दुरुस्ती सुचवतो. "तीच गाडी" म्हणताना इंजिनाचं लक्षात ठेवा. सुरुवातीच्या अँबॅसिडरमध्ये जुनं साइड व्हॉल्व्ह, म्हणजे बाजूला व्हॉल्व्ह असलेलं इंजिन होतं, १४७६ सी.सी.चं. वरून व्हॉल्व्ह असलेलं १४८९ सी.सी.चं इंजिन नंतर आलं. आण्णांच्या मार्क टूमध्ये हे दुसरं असणार, आणि त्या आजोबांच्या गाडीतही हेच. म्हणून तर आण्णांना सगळं जागच्या जागी सापडलं.

पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारचं. लांब पोलादी दांडा पीळ खातो आणि तोच स्प्रिंगचं काम करतो. खड्ड्यात आदळून आलेली गाडी एका बाजूला बसलेली दिसली की वडील खाली शिरून तो बार सेट करायचे. सहा-सात माणसं आणि वर कॅरिअरवर सामान घेऊन ती घाट चढायची, ते उगाच नाही.

शिलाईमशीनच्या तेलाबद्दल आण्णांना माझा नमस्कार सांगा. आमच्या फळीवर ती बाटली कायम असायची.

चिमणपाखरू

खूप छान लिहिलंय. माझा एक साधा प्रश्न. नवऱ्याला गाड्यांचं वेड आहे, मला अजिबात नाही. माझा दिवस फुकट जाईल का?

माळरान

@चिमणपाखरू, नाही जाणार. सकाळी लवकर पोचलात तर बाराच्या आत मेळा मनासारखा बघून होतो आणि उरलेला दिवस ऑक्सफर्डला देता येतो. शिवाय मेळ्यात गाड्यांपेक्षा माणसं जास्त बघण्यासारखी आहेत. एक बाई लाकडी चौकटीवर पत्र्याचा दरवाजा बसवत होत्या, लाकडाला रंधा मारून, पुन्हा लावून, पुन्हा काढून. गाड्यांचं काहीही माहीत नसलं तरी ते बघत उभं राहावं असं होतं. फक्त बूट चांगले घाला, गवतावर चालणं बरंच आहे.

थेम्सकाठी

मी ऑक्सफर्डजवळ बारा वर्षं राहतेय, त्या बैलाचं उत्तर माझ्याकडे आहे.

ऑक्सफर्ड या नावाचा अर्थच बैल नदी ओलांडतात ती जागा. ऑक्स म्हणजे बैल, फर्ड म्हणजे नदीचा उतार. शहराच्या मुद्रेवर पूर्वीपासून लाटांवर उभा असलेला बैल आहे. मॉरिस यांनी तीच शहराची मुद्रा आपल्या गाड्यांवर घेतली. म्हणजे तुमच्या लेकीने बॉनेटवर बघितलं ते दुपारी तुम्ही ज्या शहरात गेलात त्याचंच चिन्ह. गाडीचं नाव ऑक्सफर्ड, त्यामुळे तिच्यावर हा बैल दुहेरी शोभतो.

शहर आणि मॉरिस यांचं नातं मात्र सरळ नव्हतं. इथे विद्यापीठ एकीकडे आणि गाव एकीकडे अशी जुनी फट आहे. मॉरिस गावातले, शाळा लवकर सुटलेली. शहरालगतच्या कौलीतला त्यांचा मोटारींचा कारखाना वाढला तसं ऑक्सफर्ड हे कामगारांचंही शहर झालं. १९२५ मध्ये तिथून वर्षाला पन्नास हजारांवर गाड्या निघत होत्या. पुढे लॉर्ड नफील्ड झाल्यावर त्यांनी १९३७ मध्ये कॉलेज काढायला पैसे दिले. त्यांच्या मनात अभियांत्रिकीचं कॉलेज होतं, विद्यापीठाने त्यांना समाजशास्त्रांकडे वळवलं. नफील्ड कॉलेजचा मनोरा स्टेशनवरून गावात येताना तुम्हाला नक्की दिसला असेल.

मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते वेगळंच. पोलिओच्या रुग्णांना श्वास देणारी लोखंडी फुप्फुसं त्यांनी १९३८ पासून कौलीच्या कारखान्यात बनवायला घेतली आणि ब्रिटिश साम्राज्यातल्या रुग्णालयांना मोफत दिली. प्लायवूडची लांब पेटी, त्यात माणसाला झोपवायचं, डोकं बाहेर. गाड्यांच्या कारखान्यात हे झालं, हे इथल्या जुन्या कामगारांच्या घरी अजून अभिमानाने सांगतात.

पुढच्या वेळी गाडीने येणार असाल तर गावात आणू नका. गावाबाहेरच्या पार्क अँड राइडच्या वाहनतळावर लावून बसने या. आणि कौलीचा कारखाना बंद पडलेला नाही, तिथे आता मिनी बनते.

पाचवा गिअर

लेख आवडला, तरीही एक टोचणारा प्रश्न विचारतो. चाळीस वर्षांवरच्या गाडीला तिकडे वार्षिक तपासणी लागत नाही, रस्ताकरही भरावा लागत नाही असं वाचलंय. हवा सुधारायची म्हणून नव्या गाड्यांवर निर्बंध आणि धूर सोडणाऱ्या जुन्यांना सूट, हे पटत नाही.

किंगपिन

प्रश्न योग्य आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या, या गाड्या वर्षाला चालतात किती? रविवारी, उन्हाळ्यात. रोज चालणाऱ्या गाडीशी तिची तुलना होत नाही. तपासणीच्या सुटीबद्दल मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. ब्रेक आणि किंग पिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) वर्षातून एकदा दुसऱ्या माणसाच्या डोळ्याखालून गेले पाहिजेत, गाडी कितीही लाडकी असो.

थेम्सकाठी

माझ्या शेजाऱ्यांकडे मायनर आहे, ते सक्ती नसताना दर वर्षी तपासणी करून घेतात. असे बरेच आहेत. कायद्याने सूट मिळते ती मोठा बदल न केलेल्या गाडीलाच, आणि गाडी रस्त्यावर चालण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच राहते. करही शून्य असला तरी दर वर्षी नोंद करावीच लागते.

त्यांचा खरा त्रास पेट्रोलचा आहे. सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने जुन्या रबरी नळ्या आणि सील खराब होतात. म्हणून ते महागडं, पाच टक्केवालं पेट्रोल घालतात.

पाचवा गिअर

पटलं. तपासणी स्वतःहून करून घेणारे असतील तर माझा अर्धा आक्षेप गेला. उरलेला अर्धा ठेवतो.

गोदाकाठ

थोडं अवांतर, पण ऑक्सफर्डला जाणाऱ्या मराठी माणसाने हे बघावंच म्हणून लिहिते.

ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला, बॉडलियनजवळच्या कोपऱ्यावर, जुन्या इंडियन इन्स्टिट्यूटची इमारत आहे. संस्कृत कोशकार मोनिएर विल्यम्स यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली, १८८३ मध्ये पाया घातला. वर बघा, वारा दाखवणाऱ्या कोंबड्याच्या जागी तिथे हत्ती आहे, पाठीवर अंबारी असलेला. दाराशी देवनागरीत संस्कृत लेख कोरलेला आहे. परक्या गावात अचानक आपली लिपी दिसली की काय होतं ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

दुसरं, सोमरव्हिल कॉलेज. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म आमच्या नाशिकचा, १८६६ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून १८८९ मध्ये त्या सोमरव्हिलला आल्या आणि ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. १८९२ मध्ये परीक्षा दिली, पण तेव्हा विद्यापीठ स्त्रियांना पदवीच देत नव्हतं. त्यांना ती मिळाली १९२२ मध्ये. तीस वर्षांनी! मी तिथे गेले तेव्हा कॉलेजच्या बाहेरच्या रस्त्यावर नुसतीच चालत राहिले, आत जायची वेळ टळून गेली होती.

माळरान, तुमच्या लेकीला पुढच्या वेळी हे नक्की दाखवा.

माळरान

@गोदाकाठ, हत्ती आम्ही चुकवला! त्याच कोपऱ्यावरून गेलो होतो, मान वर केली नाही. सोराबजींबद्दल लेकीला काल रात्री सांगितलं. तिने लगेच हिशोब करून विचारलं, "म्हणजे पदवी मिळाली तेव्हा त्या आजीएवढ्या होत्या?" जवळपास तेवढ्याच.

@किंगपिन, आण्णांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाले इंजिन वरच्या व्हॉल्व्हचंच होतं, दर काही महिन्यांनी व्हॉल्व्हच्या टॅपेटची फट सेट करायला लागायची. ती फट मोजायचं फीलर गेज अजून त्यांच्या कपाटात आहे, रुमालात गुंडाळून ठेवलेलं.

@थेम्सकाठी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. बैलाचा अर्थ फोनवर सांगितला तर आण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, रोज सकाळी साहेब यायच्या आधी बॉनेट पुसायचो, दसऱ्याला हार घालायचो, पण तिच्या गावाचं नाव मला ठाव नव्हतं. त्या चिन्हाचा मोठा फोटो काढून पाठव म्हणाले, चौकटीत लावायचा आहे.

फोटो पाठवला. त्यावर त्यांचा उलटा निरोप आला की त्या गाडीच्या उजव्या हेडलाइटची कडा जरा सुटलेली दिसतेय, आजोबांना सांग.

मेळा पुन्हा ऑक्टोबरात असतो. तोवर आण्णांना इकडे आणायचं ठरवलंय. त्यांचं वय ७४, पासपोर्ट नवीनच काढलाय, याआधी कधी परदेश नाही. आईवडिलांना फिरायला आणण्यासाठी व्हिसाची कागदपत्रं कुणी अलीकडे केली असतील तर कृपया लिहा. बँकेचे कागद माझे जोडायचे की त्यांच्या पेन्शनचे, तिथेच सध्या अडलोय.